भुईआवळी, कावीळ आणि राहून गेलेली एक तपासणी: यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं आहे. मी कोणाचंच नाव लिहीत नाहीये, घरच्यांना विचारून लिहितेय, त्यांनी एकच अट घातली की काविळीचं औषध देणाऱ्या बाबाजींना कोणी नावं ठेवायची नाहीत, आणि ती अट मला मनापासून मान्य आहे.

मी याच गावची, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवते. त्यामुळे गावात कोणाला कुठलं झाड ओळखायचं असलं, कुठल्या पाल्याचा काय उपयोग हे विचारायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. या प्रकरणात माझा भाग तिथूनच सुरू झाला.

रुग्ण म्हणजे आमच्याच गल्लीतला एक शेतकरी, तेव्हा वय ३४, त्याला इथं भाऊ म्हणते. पाच एकर शेती, कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. दारू नाही, तंबाखू नाही. घरात म्हातारी आई, तिला आम्ही सगळे काकू म्हणतो, बायको, म्हणजे आमची वहिनी, त्या वेळी चार महिन्यांची गरोदर आणि सहा वर्षांची एक मुलगी. मोठा भाऊ २०१४ मध्ये जलोदरानं गेला, पोटात पाणी व्हायचं, दवाखान्यात नेऊन काढून आणायचे, पुन्हा व्हायचं. गावानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं की दारूनं गेला. तो पोळ्याला, लग्नाकार्यात कधीमधी घ्यायचा एवढंच, पण जलोदर म्हटलं की दारू हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की पुढे कोणी विचारतच नाही.

२०२२ च्या गणपतीत मंडळानं रक्तदान शिबिर घेतलं. भाऊनं पहिल्यांदाच रक्त दिलं, सर्टिफिकेट मिळालं, मुलीनं ते भिंतीवर चिकटवलं. आठ-दहा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. फोनवर काहीच सांगितलं नाही. दान केलेलं प्रत्येक रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलीस आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासतात, हे त्याला कुठून माहीत असणार. दोन रात्री झोपला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणे, "ताई, मले एड्स तं नाई झाला ना?"

एड्स नव्हता. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी च्या विषाणूचं वरचं आवरण सापडलं होतं. रक्तपेढीत एक चिठ्ठी हातात दिली, दवाखान्यात दाखवा म्हणाले, तेवढंच. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हर किती दुखावलंय ते सांगणारा रक्तातला आकडा, ११८ निघालं, जे साधारण ४० च्या आत पाहिजे. डॉक्टर म्हणाले, तू फक्त कॅरियर आहेस, म्हणजे विषाणू नुसता अंगात बाळगणारा, काही नाही होत, तेलकट खाऊ नको. लिव्हरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विषय संपला.

अडचण नेमकी कुठे होती

घरी येऊन त्यानं सांगितलं, "बी वाली कावीळ निघाली." काकूंनी त्यातला एकच शब्द ऐकला, कावीळ. मला वाटतं सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

कावीळ हे लक्षण आहे, डोळे पिवळे होणं, लघवी पिवळी होणं. त्याच्या मागे वेगवेगळे पाचएक विषाणू असू शकतात, दारू असू शकते, पित्ताचा खडा असू शकतो, औषधाची बाधा असू शकते. आपल्या खेड्यात पावसाळ्यात जी कावीळ पसरते ती बहुतेक हिपॅटायटिस ए नाहीतर ई ची, घाण पाण्यातून येणारी, आणि ती बहुतेकांची दोन-चार आठवड्यांत, फार तर दोन महिन्यांत, आपली आपण उतरते. गरोदर बाईला ई ची कावीळ जीवघेणी ठरू शकते हे सोडलं तर बाकी शरीर स्वतःच तो विषाणू बाहेर काढतं. आता या मधल्या दिवसांत माणसाच्या गळ्यात माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुवा, नाकात थेंब सोडा नाहीतर भुईआवळी वाटून द्या, तो बरा होणारच आहे. आणि बरा झाला की गुण कशाला द्यायचा, जे केलं त्यालाच. पन्नास वर्षं हे बघितलेल्या माणसाचा विश्वास खोटा नसतो, त्यानं खरंच शेकडो लोक बरे होताना पाहिलेले असतात.

हिपॅटायटिस बी चं गणित वेगळं. मोठ्या माणसाला नव्यानं झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण सहा महिन्यांत मोकळे होतात. पण जन्माच्या वेळी आईकडून बाळाला गेला तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो, वीस-तीस वर्षं काहीच त्रास देत नाही आणि आतल्या आत लिव्हर खराब करत जातो. भाऊचे डोळे पिवळे नव्हते, भूक चांगली होती, दिवसभर शेतात राबत होता. म्हणजे त्याला कावीळ नव्हतीच. त्याला विषाणू होता. काकूंना हा फरक मी त्या दिवशी सांगायला पाहिजे होता, मी नाही सांगितला.

शेजारच्या गावात एक बाबाजी आहेत, पंचाहत्तरच्या पुढचे, काविळीचं औषध देतात. पैसे घेत नाहीत, नारळ आणि अगरबत्ती, बस. रविवारी सकाळी उपाशीपोटी भुईआवळी वाटून गाईच्या ताकात देतात, एकवीस दिवस हळद बंद, तेल बंद, तिखट बंद. काकूंनी पुढच्याच रविवारी भाऊला नेलं. जायच्या आदल्या रात्री वहिनी माझ्याकडे विचारायला आली, "ताई, त्या झाडात काही हाय का खरंच?"

मी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण पुढचे तीन महिने त्यावर गेले. मी म्हणाले, हो, भुईआवळीवर मोठा अभ्यास झालाय, हिपॅटायटिस बी वरच झालाय.

आणि ते खरंच आहे. १९८८ साली लॅन्सेट मासिकात मद्रासच्या त्यागराजन यांच्या गटाचा अभ्यास आला होता, त्या गटात बारूक ब्लूमबर्ग होते, म्हणजे ज्यांनी हा विषाणू शोधला आणि १९७६ चं नोबेल मिळवलं ते. विषाणू अंगात असलेल्या लोकांना भुईआवळीची पूड २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीस दिवस दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून ते वरचं आवरण गेलं, म्हणजे ५९ टक्के. नुसती खोटी गोळी दिलेल्या २३ पैकी फक्त एकाचं गेलं. त्याच्या आधी प्रयोगशाळेत या झाडाच्या अर्कानं विषाणूचं पॉलिमरेज, म्हणजे ज्या यंत्रावर विषाणू स्वतःच्या नकला काढतो ते, अडवलेलं दिसलं होतं. हे सगळं मी एमएस्सीला वाचलेलं, वर्गात दर वर्षी अभिमानानं सांगायचे.

पुढचं मात्र मी त्या रात्री सांगितलं नाही. थायलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये तोच प्रयोग करून पाहिला तर तसा परिणाम मिळाला नाही. न्यूझीलंडच्या १९९४ च्या अभ्यासाचं तर शीर्षकच अपयशाचं होतं. नंतर सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनाही खात्रीलायक फायदा दिसला नाही. आणखी एक गोष्ट, सुरुवातीला ज्या झाडाला संशोधक फिलँथस निरुरी म्हणत होते ते प्रत्यक्षात फिलँथस अमारस होतं, नंतर नाव दुरुस्त करावं लागलं. म्हणजे मोठमोठ्या प्रयोगशाळांचीसुद्धा ओळखण्यात गल्लत झाली. हे मला माहीत होतं, पण वहिनीच्या चेहऱ्यावर आशा होती आणि मी अर्धी गोष्ट सांगून थांबले.

समोर कोणते पर्याय होते

त्या आठवड्यात घरात जे बोलणं झालं ते ओसरीवर झालं, मी होते, भाऊचे मामाजी होते, काकू, वहिनी. कोणी कागदावर मांडलं नाही, पण पर्याय साधारण असे निघत गेले.

एक, फक्त बाबाजींचं औषध. खर्च शून्य, विश्वास पूर्ण. दुसरा, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पूर्ण तपासणी. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून देशभर सुरू आहे, त्यात तपासणी आणि टेनोफोव्हिरची, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणारी, गोळी फुकट मिळते. हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं, मला पण नाही. आम्हाला वाटत होतं विषाणू मोजायची तपासणी खाजगीत चार-साडेचार हजाराची, सोनोग्राफी वेगळी, आणि सप्टेंबरात कापसाच्या घरात पैसा नसतो, दिवाळीच्या आधी पहिला वेचा निघेल तेव्हा बघू. तिसरा, दोन्ही सोबत. चौथा, काहीच न करता दर तीन महिन्यांनी रक्त तपासणं.

मामाजी म्हणाले, "आधी झाडपाला करून पाहू, नाई लागला तं दवाखाना हायेच." या वाक्यात चूक काय ते तेव्हा कळलं नाही. झाडपाला लागला की नाही हे ठरवायचं कशावरून, हा प्रश्न कोणी विचारला नाही. डोळे पिवळे नव्हतेच तर ते पांढरे झाले कसे कळणार. त्या ओसरीवर हा प्रश्न विचारू शकेल अशी एकटी मीच होते. विषाणू आधी मोजून घेऊ, डीएनए किती आहे ते लिहून ठेवू, मग बाबाजींचं औषध घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजू, एवढं म्हटलं असतं तरी काकूंचा मान राहिला असता आणि आम्हाला उत्तर मिळालं असतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय तोच होता आणि तो आम्ही घेतलाच नाही.

काय केलं

एकवीस दिवसांचं पथ्य भाऊनं कडक पाळलं. मी बाबाजींकडे एकदा सोबत गेले, झाड बघायचं म्हणून. त्यांनी धोतराच्या सोग्यातून जुडी काढून माझ्यापुढे ठेवली, मुळासकट, ओली माती लागलेली. मी एकेक रोपटं वेगळं करत बसले. भुईआवळीची खूण म्हणजे पानांच्या रांगेखाली लोंबणारी मोहरीएवढी फळं, म्हणून तर ते नाव पडलं. पण त्या जुडीत तीन प्रकार निघाले. काहींची फळं गुळगुळीत, बारीक देठावर, खोड हिरवं, ती अमारस. काहींची फळं देठाशिवाय फांदीला चिकटलेली, खरखरीत, खोड लालसर, ती युरिनारिया. आणि दोन-तीन रोपं काळ्या जमिनीत येणारी, लांबट पाचरीसारख्या पानांची, ती मदरासपटेन्सिस. तिन्ही एकाच कुळातली, कडवट, गावात तिघींना एकच नाव. पण आतली रसायनं सारखी नाहीत, फिलँथिन नावाचं लिग्नन एकीत भरपूर तर दुसरीत नावाला.

मी विचारलं, बाबाजी, कुठून आणता. म्हणाले, "आता जंगलात कोन जाते बाई, या सोयाबीनच्या धुऱ्यावर लय हाय." त्या सोयाबीनवर दोन महिन्यांपूर्वी तणनाशक मारलेलं, नंतर अळीसाठी दोन फवारण्या झालेल्या. धुऱ्यावरचं तण तेवढं वाचलेलं. २०१७ ला आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्याच शेताच्या कडेचा पाला लिव्हर दुखावलेल्या माणसाला उपाशीपोटी. मी बाबाजींना तेवढं सांगितलं, त्यांनी लगेच मान हलवली, म्हणाले पुढच्या वेळेपासून नाल्याकाठचं आणतो. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा एसजीपीटी केलं, ६४ निघालं. ११८ वरून ६४. घरात पेढे वाटले, काकूंनी बाबाजींना धोतरजोडी नेऊन दिली, मी पण खूश झाले. पण जुन्या हिपॅटायटिस बी मध्ये एसजीपीटी आपोआप वरखाली होत राहतं, विषाणू आणि शरीराची झटापट सुरू असते, कधी ते खाली येतं, कधी एकदम उसळतं. एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी किती फुटल्या त्याचा आकडा. विषाणू किती आहेत ते तो सांगत नाही. धूर कमी झाला म्हणून आम्ही समजलो की आग विझली.

आता खुशीत असलेल्या माणसाला जसं वाटतं, चाललंय तर आणखी जोर लावू, तसं झालं. बाजारातून कोणीतरी लिव्हर साफ करायची पूड आणून दिली, प्लास्टिकच्या डब्यात, लेबल नाही, आत गुळवेल आहे एवढंच सांगितलं. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी प्यायले लोक, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा जणांची नोंद छापली होती ज्यांना गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, दुसरीच जात वापरली गेली असेल. हे दोन्ही लक्षात घेतलं तरी लेबल नसलेल्या डब्यात नेमकं काय होतं हे सांगायला कोणीच नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊला जेवणाचा वास नकोसा झाला. कापूस वेचताना धुऱ्यावर बसून राहायला लागला. मग एक दिवस वहिनीला दिसलं, डोळे हळदीसारखे. या वेळी खरी कावीळ. काकू पुन्हा बाबाजींकडे न्यायला निघाल्या, आणि इथे बाबाजींनी जे केलं त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे. त्यांनी भाऊचा चेहरा पाहिला, पोट दाबून पाहिलं आणि औषध दिलं नाही. म्हणाले, "हे माह्या हातातलं नाई. आजच दवाखान्यात न्या." त्यांच्या पन्नास वर्षांच्या अनुभवात ही कावीळ बसत नव्हती.

जिल्ह्याला नेलं. एसजीपीटी ६१२, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळेपणा दाखवणारा आकडा, साडेसात. डॉक्टरांनी विचारलं बाहेरचं काही औषध घेतलं का, भाऊ म्हणाला नाही. भीती वाटली, रागावतील, ठेवून घेणार नाहीत. रात्री वॉर्डच्या बाहेर पायऱ्यांवर वहिनी मला म्हणाली, "ताई, मी सांगू का त्यायले? हे तं मले मारतीन." मी म्हटलं सांग. तिनं घरून डबा मागवला, सकाळच्या राउंडला स्वतः डॉक्टरांच्या हातात दिला आणि भुईआवळीपासून सगळं सांगितलं. सात महिन्यांचं पोट घेऊन उभी होती. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली. हा आडपडदा उघडला नसता तर पूड घरी सुरूच राहिली असती.

विषाणू मोजला तेव्हा तीन कोटींच्या वर निघाला, एका मिलिलिटर रक्तात. म्हणजे भुईआवळी सुरू करून तीन महिने झाले तरी विषाणूला काही फरक पडल्याचं दिसत नव्हतं, आणि आधीचा आकडा नसल्यानं नक्की सांगता पण येत नव्हतं. ही उसळी विषाणूची की त्या पुडीची, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले दोन्ही असू शकतं, आज वेगळं करता येणार नाही. सगळा झाडपाला बंद, टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम रोज एक गोळी सुरू, कार्यक्रमातून फुकट.

भाऊला समजावताना मी कुंद्याचं, म्हणजे शेतातल्या त्या चिवट गवताचं उदाहरण दिलं. वरून कितीही कापा, काशा, म्हणजे त्याची मुळं, जमिनीत आहेत तोवर पुन्हा फुटणार. हा विषाणू लिव्हरच्या पेशीच्या केंद्रात आपली एक गोल डीएनएची प्रत ठेवून बसतो, त्या काशा. टेनोफोव्हिर काशा काढत नाही, पण वर कोंब येऊ देत नाही, म्हणून रोज घ्यायची, वर्षानुवर्षं, आणि स्वतःच्या मनानं बंद केली तर एकदम उसळी येऊ शकते. हे त्याला पटलं, कुंदा त्यानं जन्मभर उपटलाय.

दुसरी मोठी गोष्ट, डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं. वहिनी निगेटिव्ह निघाली, तिला लसीचे तीन डोस सुरू केले, शून्य, एक आणि सहा महिन्यांचा हिशोब. मुलगी निगेटिव्ह, तिला लहानपणी पेंटाव्हॅलंटमधून लस मिळालेली. काकू पॉझिटिव्ह.

काकूंना काही त्रास नव्हता, कधीच नव्हता. रिपोर्ट हातात घेऊन त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग एवढंच म्हणाल्या, "मंग माह्या मोठ्याले बी हेच होतं काय?" मोठ्या मुलाचं रक्त कधी तपासलं गेलंच नव्हतं, त्याचं आता काहीही सांगता येत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, आठ वर्षं लोक त्याले बेवडा म्हणून राहिले. त्यांचा हात धरून मी बसले होते, मला एकही शब्द सुचला नाही.

निकाल

भाऊ अकरा दिवसांनी घरी आला. जून २०२३ ला एसजीपीटी ३८, विषाणू काही शेकड्यांवर. फेब्रुवारी २०२४ ला विषाणू मोजण्याइतका राहिलाच नव्हता. वरचं आवरण अजून पॉझिटिव्ह आहे आणि ते बहुधा राहणार, गोळीनं ते फार कमी लोकांचं जातं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, किडनीसाठी क्रिएटिनिन. तो शेती करतोय.

बाळ फेब्रुवारी २०२३ ला झालं, मुलगा. वहिनी निगेटिव्ह असली तरी घरात दोघं पॉझिटिव्ह, म्हणून जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी चा पहिला डोस मिळेल याची मी स्वतः लेबर रूमच्या सिस्टरकडे खात्री केली. मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट.

काकूंचं लिव्हर ठीक आहे, विषाणू कमी आहे, त्यांना सध्या गोळी लागत नाही, तपासणी सुरू आहे.

बाबाजी अजून औषध देतात. पण आता ते आधी रक्ताचा कागद मागतात, ए का ई का बी. बी असेल तर परत पाठवतात. गरोदर बाई असेल तर कुठलीही कावीळ असो, दवाखाना. ही दोन वाक्यं त्यांनी नातवाकडून पाटीवर लिहून घेतलीत. आशाताईंना मी तिथं घेऊन गेले होते, आता बाबाजींनी परत पाठवलेला माणूस थेट त्यांच्याकडे येतो.

वेगळं काय करता आलं असतं

लोक मला हे सगळं ऐकून विचारतात, म्हणजे झाडपाल्यात काही दम नाही ना? असं मी म्हणणार नाही, मी आयुष्य यात घातलंय. आपल्या सावजी मसाल्यात पडणारं चक्रफूल घ्या. त्यातल्या शिकिमिक आम्लापासून ऑसेल्टामिव्हिर बनवतात, स्वाइन फ्लूला देतात ती गोळी. पण आम्लापासून गोळीपर्यंत रसायनशास्त्राच्या बऱ्याच पायऱ्या आहेत, चक्रफूल चावून ते औषध पोटात जात नाही. हिमालयातल्या एका झाडाच्या मुळातून पॉडोफायलोटॉक्सिन निघतं, विषाणूमुळे येणाऱ्या गुप्तांगावरच्या चामखिळीला वरून लावायचं औषध आहे ते, आणि तेच पोटात घेतलं तर विष. भुईआवळीचा अर्क काचेच्या नळीत विषाणूचं यंत्र अडवतो हे खरं आहे. पण नळीत किती घातला, तेवढा माणसाच्या रक्तात पोचतो का, लिव्हरपर्यंत टिकतो का, आणि विषाणूला मारणारी मात्रा पेशीला मारणाऱ्या मात्रेपेक्षा किती कमी आहे, हे चार प्रश्न मधे उभे आहेत. वर्गात मी आता १९८८ आणि १९९४ एकाच तासाला शिकवते.

माझ्या हातातलं काय चुकलं ते वर आलंच. अर्धा अभ्यास सांगितला, आणि विषाणू मोजायचा आग्रह धरला नाही. दोन्ही टाळता आलं असतं, त्यासाठी पैसा लागत नव्हता.

रक्तपेढीबद्दल मला बोलायचंय. पॉझिटिव्ह माणसाला नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नये. पाच मिनिटं बसवून सांगावं की हे काय आहे, घरच्यांना तपासा, जिल्ह्याला फुकट उपचार आहे, हा पत्ता. ती पाच मिनिटं मिळाली असती तर भाऊ सप्टेंबरातच गोळीवर असता, कारण वय तिशीच्या पुढे, एसजीपीटी वाढलेलं आणि विषाणू तेव्हाही बहुधा कोटींत, हे तेव्हाच्या नियमांतही उपचारात बसत होतं. तेव्हा २०,००० च्या वर विषाणू ही रेघ होती, २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती २,००० वर आणली. आणि फक्त कॅरियर आहेस हे वाक्य डॉक्टरांनी डीएनए आणि सोनोग्राफी न करता कोणालाही म्हणू नये.

दवाखान्यात झाडपाल्याबद्दल विचारण्याची पद्धत पण बघायला पाहिजे. "बाहेरचं काही घेतलं का" असं दरडावून विचारलं की उत्तर नाहीच येतं. नंतर त्याच वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरला मी विचारताना ऐकलं, "मावशी, काविळीले आपल्याकडे कोणाकडून औषध आणता तुम्ही?" मावशींनी गावाच्या नावासकट सगळं सांगितलं.

एक गोष्ट मात्र अजून बाकी आहे. मोठ्या भावाची दोन मुलं मामाच्या गावी राहतात, एक सतरा वर्षांचा, एक चौदाची. बाप गेला कशानं ते माहीत नाही, म्हणून त्यांना आणि त्यांच्या आईला तपासायचं काकूंच्या मनात आहे. जाऊबाई तयार नव्हत्या, पोरीच्या लग्नाच्या वेळी नाव खराब होईल म्हणून. मागच्या महिन्यात भाऊ स्वतः त्यांच्याकडे गेला, आपली रिपोर्टची फाइल घेऊन, आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवली. दिवाळीच्या सुट्टीत मुलं इकडे येणार आहेत, सोमवारी मी त्यांना घेऊन जिल्ह्याला जाणार आहे.